दिवे आणि उजेड

कळसूबाईच्या शेवटच्या शिडीखाली एक आजी ताक विकते. निळ्या प्लास्टिकच्या कागदाचं छप्पर, खाली दोन दगडांवर फळी, फळीवर स्टीलचा मोठा डबा आणि डब्यावर ओलं फडकं. बारीपासून तीन तास चढून आलेल्या माणसाला त्या डब्याच्या झाकणाचा आवाज देवळातल्या घंटेपेक्षा गोड वाटतो. गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी मी तिथं बसले होते, एका हातात ताकाचा ग्लास आणि दुसऱ्या हाताने गुडघा चोळत. आजीनं विचारलं, कुठून आलात. म्हटलं, मुंबई. तशी तिनं मान वळवली, अलंग-मदन-कुलंग किल्ल्यांच्या बाजूला हनुवटी उडवली आणि म्हणाली, "दिसती की तुमची मुंबई रातच्याला. नवरात्रात आमी वरच मुक्कामाला असतो. तिकडं उजेड दिसतो तुमचा."

मी हसले. माहितगार माणसाचं एक विशिष्ट हसू असतं, तसं. म्हटलं, "नाही हो आजी, मुंबई फार लांब राहिली. ते इगतपुरीचे दिवे असतील."

आजीनं फडक्यानं डब्याची कड पुसली. "असंल बाई. तुमाला म्हाइत."

एवढंच. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली, मी शिडी चढून वर गेले, देवीला नमस्कार केला, भंडारदऱ्याच्या पाण्याचे फोटो काढले. पण उतरताना, बारीत जीपची वाट बघताना, कसारा लोकलमध्ये खिडकी मिळाल्यावरसुद्धा ते "तुमाला म्हाइत" सुटेना. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यात सवय होती. शहरातून येणारी माणसं वर येतात, धापा टाकतात आणि आपल्याच डोंगरावरून काय दिसतं ते आपल्याला सांगून जातात, याची सवय. आणि मला तर खरं म्हणजे काहीच माहीत नव्हतं. डोंगरावरून किती लांबचं दिसतं याचा मी उभ्या आयुष्यात हिशेब केला नव्हता. पंचवीस वर्षं डोंगर चढते आहे, प्रत्येक माथ्यावर उभी राहून बोट दाखवत "तो अमका, तो तमका" करते आहे, पण नजर नेमकी कुठं संपते आणि का संपते हे कधी विचारलंच नव्हतं.

हिशेब अगदी सोपा निघाला. शाळेतला पायथागोरस. पृथ्वी गोल, तुम्ही तिच्यावर थोडे उंच उभे, तुमच्या डोळ्यापासून निघालेली रेघ पृथ्वीला जिथं नुसती चाटून जाते तिथं क्षितिज. सगळं आटवून हाती उरतं ते इतकंच: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७नं गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. कळसूबाई १६४६ मीटर. वर्गमूळ साडेचाळीसच्या किंचित वर. गुणाकार १४५ किलोमीटर. शिवाय प्रकाश हवेतून येताना किंचित खाली वाकतो, पृथ्वीच्या गोलाईचा थोडा पाठलाग करतो, त्यामुळे नजरेला आणखी आठेक टक्के फुकटात मिळतात. म्हणजे १५५च्याही पुढे. आता आमचं मुलुंड कळसूबाईपासून सरळ रेषेत किती? लोकल, जीप आणि पाय मिळून जाऊन-येऊन दिवस जातो म्हणून मला ते दुसऱ्या जगात वाटत होतं. नकाशावर पट्टी ठेवली तर नव्वद किलोमीटरच्या थोडं पुढे. मलबार हिलसुद्धा १२०च्या आसपास. आटगाव आलं तेव्हा मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर मी तो गुणाकार तिसऱ्यांदा करत होते. गणित आजीच्या बाजूनं होतं.

आणि इगतपुरी? ती तर कळसूबाईच्या वायव्येला. आजीनं हनुवटी उडवली होती नैर्ऋत्येकडे. म्हणजे मी नुसती चुकले नव्हते, चुकीच्या दिशेला चुकले होते.

हे सगळं मी घरी येऊन अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील, आता त्र्याऐंशीचे. नोकरी सगळी रेल्वेत, शेवटची बरीच वर्षं कसारा लाईनवरच्या एका लहान स्टेशनात मास्तर. दिसणं हा त्यांचा धंद्याचा विषय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती काय म्हणाली नेमकं? दिवे म्हणाली की उजेड?" मी म्हटलं, उजेड. "आणि तू काय म्हणालीस?" दिवे. "मग तुम्ही दोघी एका गोष्टीबद्दल बोलतच नव्हता," असं म्हणून ते पेपरात परत शिरले. मला तेव्हा ती शाब्दिक कीस काढण्याची जुनी खोड वाटली.

मास्तरांच्या नोकरीत एक गंमतीची वस्तू असते, ती अण्णांनी लहानपणी दाखवली होती. मास्तर जिथं उभा राहतो तिथून निदान १८० मीटरवरची एक खूण ठरवून ठेवलेली असते. एखादा खांब, एखादा सिग्नल, नाहीतर त्यासाठीच रोवलेलं काहीतरी. धुकं पडायला लागलं की मास्तर बाहेर येऊन त्या खुणेकडे बघतो. दिसली, तर धुकं नाही. दिसली नाही, तर धुकं आहे. मग माणसं फटाके घेऊन रुळांवर जातात, सिग्नलच्या अलीकडे रुळाला बांधतात, चाकाखाली फुटले की ड्रायव्हरला कळतं की न दिसणारा सिग्नल जवळ आला. मला त्यातलं सगळ्यात आवडायचं ते हे, की धुकं आहे की नाही हे धुक्याकडे बघून ठरत नाही. ते ठरतं पलीकडची ठराविक वस्तू दिसते की नाही यावरून. कसाऱ्याच्या बाजूला पावसाळ्यात रात्री-बेरात्री अण्णा रेनकोट चढवून त्या खांबाकडे बघत उभे असायचे. घरी आले की आईला सांगायचे, आज खांब चारदा गेला, चारदा आला.

घरीसुद्धा त्यांनी एक खांब शोधला होता. मुलुंड पूर्वेला आमची चार मजल्यांची बिल्डिंग, वर मोकळी गच्ची. पूर्वेला उन्हाळ्यात मिठागरांचे पांढरे ढीग, मग खाडीची करडी पट्टी, तिच्या पलीकडे भिंतीसारखा पारसिकचा डोंगर आणि त्या भिंतीवरून डोकावणारे मलंगगडाचे सुळके. अण्णा सकाळी दात घासत गच्चीवर जायचे. खाली येऊन कालनिर्णयवर, दुधाच्या लिटरांशेजारी, मलंग दिसला असेल त्या दिवशी लाल रिफिलनं एक ठिपका द्यायचे. का, ते कोणी विचारलं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी विचारत नसत. दुधाचा हिशेब महिनाअखेरीला व्हायचा, ठिपक्यांचा कधीच झाला नाही.

पण ते ठिपके बघत मोठी झाल्यामुळे मला हवेचं वर्ष पाठ झालं. जून-जुलैच्या पानावर ठिपके फारच थोडे, पण जे असतील ते धारदार. दोन सरींच्या मधे अर्धा तास उघडीप मिळाली की मलंग इतका जवळ यायचा की त्याच्या अंगावरच्या घळी मोजता याव्यात. माझी आजी म्हणायची, डोंगर जवळ आला, वाळवणं आत घ्या. आणि तासाभरात पाऊस यायचाच. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे ठिपक्यांचं पीक. पावसानं हवा धुऊन काढलेली, नवी धूळ अजून उठायची आहे. मग दिवाळीचे चार दिवस सरळ कोरे. डिसेंबर-जानेवारीत मात्र उलटा प्रकार. बाहेरगावचे पाहुणे म्हणायचे थंडीत मुंबईची हवा काय छान असते, आणि आमच्या कालनिर्णयवर ठिपके गायब. कारण थंडीच्या सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. वारा पडलेला असतो. शहर जे काही सोडतं, चुलीपासून चिमणीपर्यंतचं, ते त्या झाकणाखाली कोंडून राहतं. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की झाकण जरा किलकिलं होतं. म्हणून जानेवारीत अण्णा संध्याकाळीही एकदा गच्चीवर जायचे, मलंगला दुसरी संधी द्यायला.

लांबचा डोंगर निळा का दिसतो हे मला कोणी शाळेत सांगितलं नाही, सांगितलं असेल तर मी खिडकीबाहेर बघत असेन. ती निळाई डोंगराची नसतेच, मधल्या हवेची असते. उन्हातली हवा स्वतःच थोडा उजेड विखुरते, आणि तुमच्या-डोंगराच्या मधे जितकी जास्त हवा तितका तो विखुरलेला उजेड डोंगरावर साचत जातो. डोंगर अंधुक होत नाही, उलट उजळ होत जातो. इतका उजळ, की मागच्या आकाशात आणि त्याच्यात फरक उरत नाही. मग आपण म्हणतो, दिसत नाही. अगदी निर्मळ हवा असली, धुळीचा कण नाही की धुराचा नाही, तरी समुद्रसपाटीला साधारण ३०० किलोमीटरवर हवेनंच सगळं पुसून टाकलेलं असतं. गोलाईचं क्षितिज वेगळं आणि हवेचं क्षितिज वेगळं. मुंबईत आपण गोलाईपर्यंत पोचतच नाही. दादरला उभं राहून कुर्ल्याच्या पुढचं दिसलं तर लोक फोटो काढतात.

एप्रिल २०२०मध्ये सगळं बंद असताना जालंधरच्या लोकांना गच्चीवरून धौलाधारची बर्फाची रांग दिसली. त्यांचे फोटो सगळ्यांकडे फिरले होते. शंभराहून अधिक किलोमीटरवरचे डोंगर. ज्यांचा जन्म त्या शहरात गेला त्यांना माहीत नव्हतं की आपल्या उत्तरेला हिमालय उभा असतो. म्हणजे डोंगर तिथं होताच, रोज होता, त्यांच्या गच्चीकडे तोंड करून. दिसणं हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. डोंगरावरून गच्ची दिसत असेल तर गच्चीवरून डोंगर दिसलाच पाहिजे, मधे काही आलं नाही तर.

आमच्याकडे त्याच काळात मधे बरंच काही आलेलं होतं.

त्याच्या वर्षभर आधीपासून अण्णा म्हणत होते, मलंग पुसट झालाय. घरात तीन पक्ष पडले. माझं म्हणणं, हवा बिघडली. भावाचं म्हणणं, समोर टॉवर उठतोय, त्याच्या परांचीनं अर्धा मलंग झाकलाय. वहिनीचं म्हणणं, तुम्ही दोघं गप्प बसा, अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. वहिनी बरोबर निघाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगला पिकलेला. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं म्हणजे नेमकं काय होतं, तर प्रकाश सरळ न जाता विखुरतो. डिसेंबरची मुंबई, पण डोळ्याच्या आत. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी आठ दिवस उन्हात जाऊ नका सांगितलं होतं, अण्णा तिसऱ्या दिवशी काळा गॉगल लावून गच्चीवर. मी मागे मागे. कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "एकदम क्लिअर. अठरा मजले झालेत, एकोणिसाव्याची सळई वर आली आहे." भावाचा पक्षही बरोबर होता.

कालनिर्णयवर त्या दिवशी ठिपका दिला की नाही ते मी बघितलं नाही.

यात आम्ही बिचारे आणि टॉवरवाले दुष्ट असं लिहायला मला आवडलं असतं. पण आमची चार मजली बिल्डिंगही पुढे पुनर्विकासाला गेली आणि आता मी, माझा नवरा आणि अण्णा त्याच जागेवर सोळाव्या मजल्यावर राहतो. सही करताना कोणी रडलं नाही. लिफ्ट हवी होती, गळती नको होती, आणि दोनशे स्क्वेअर फूट जास्त मिळणार होते. पन्नास मीटर उंचीचं वर्गमूळ सात, म्हणजे माझं क्षितिज कागदावर पंचवीस किलोमीटरवर गेलं आहे, जुन्या गच्चीवरून ते जेमतेम चौदा होतं. फक्त आमचा फ्लॅट पश्चिमेला, येऊरच्या बाजूला. पूर्व बघायची तर लिफ्टसमोरच्या जिन्याच्या जाळीतून, किंवा गच्चीवरून, आणि गच्चीची किल्ली वॉचमनकडे. ब्रोशरमध्ये आमच्या बाजूला "हिल व्ह्यू" लिहिलं होतं आणि पूर्वेच्या बाजूला "क्रीक व्ह्यू". दरात फरक होता. मलंगगड कुठल्याच पानावर नव्हता, पूर्वेकडून तो अजूनही पावसाच्या उघडिपीत दोन टॉवरांच्या फटीतून चतकोरभर दिसतो.

आमच्या पश्चिमेला चार मजल्यांची एक जुनी सोसायटी अजून तग धरून आहे. तिथल्या एक काकू मला भाजीवाल्याकडे भेटतात. परवा मेथीची जुडी उलटीपालटी करत सहज म्हणाल्या, "तुमची बिल्डिंग आली आणि आमची सकाळ साडेनऊला व्हायला लागली." मला काय बोलावं कळेना. मी कोथिंबीर घेतली नव्हती तरी घेतली.

हे सगळं डोक्यात चालू असताना मी त्या वर्षभरात दिसण्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. त्यात अल-बिरूनी हा मध्य आशियातला विद्वान भेटला. हजारेक वर्षांपूर्वी, आजच्या पाकिस्तानी पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळ तो एका डोंगरावर चढला, आणि लोक सहसा करतात तसं क्षितिजाकडे बघून भारावला नाही. त्यानं क्षितिज किती खाली गेलंय ते मोजलं. उंचावर गेलं की क्षितिज डोळ्याच्या बरोबर समोर राहत नाही, किंचित खाली झुकतं. अर्ध्या अंशाच्या थोडंच जास्त. आधी डोंगराची उंची मोजून ठेवली होती. उंची आणि तो झुकाव एवढ्यावर त्यानं पृथ्वीची त्रिज्या काढली आणि ती बऱ्यापैकी जमली. कुठंही न जाता, एका जागी उभं राहून सगळी पृथ्वी. आणि सर्वेक्षण खात्यातला बंगाली गणिती राधानाथ सिकदर तर डोंगरावरही नव्हता. पंधरा नंबरचं शिखर म्हणून ज्याची नोंद होती त्या एव्हरेस्टची निरीक्षणं सर्वेक्षणवाल्यांनी तराईतून, १६० किलोमीटरहून अधिक लांबून, दुर्बिणी लावून घेतली. नेपाळात शिरायची परवानगी नव्हती. ते आकडे घेऊन सिकदर १८५२च्या सुमाराला कलकत्त्यात टेबलाशी बसला. त्यातली खरी किचकट गोष्ट उंची नव्हती, वाकलेला प्रकाश होता. शिखर जिथं दिसतं तिथं ते नसतंच, जरासं खाली असतं, आणि किती खाली ते मधल्या हवेच्या उष्णतेवर ठरतं. तेवढं वजा करत करत आकडा निघाला, २९,००२ फूट. जगातला सगळ्यात उंच डोंगर एका माणसानं वजाबाकी करून शोधला. मुंबईतल्या कारकुनी घरात वाढलेल्या मला हे वाचून जो आनंद झाला तो मला कुठल्याही माथ्यावर झालेला नाही.

पण माझ्या कामाची गोष्ट निघाली ती एका फोटोची. २०१६च्या जुलैत पिरेनीज पर्वतातल्या एका शिखरावरून कोणीतरी आल्प्सचा फोटो काढला, ४४३ किलोमीटरवरून. हवेनं पुसून टाकायच्या त्या तीनशेच्या पुढे. हे जमलं कारण नजरेची वाट बहुतेक उंचावरच्या विरळ हवेतून जात होती. आणि दुसरं कारण, फोटो भर उन्हातला नाही. सूर्य अजून वर यायचा होता, तो आल्प्सच्या मागे होता. डोंगर उजळलेले दिसत नाहीत त्या फोटोत, काळे दिसतात, तांबड्या पट्टीवर कात्रीनं कापून चिकटवल्यासारखे. वस्तूवर उजेड पडला म्हणजे ती दिसते असं आपण समजतो. लांबच्या वस्तूचं उलटं असतं. उजेड तिच्या मागे हवा.

तेव्हा कुठे मला अण्णांची खोड समजली. दिवे आणि उजेड. मुंबईचा दिवा कळसूबाईवरून दिसायला मुंबईपासून कळसूबाईपर्यंत मोकळी रेघ लागते. उजेडाला तसं काही लागत नाही. शहर रात्रभर वर उजेड फेकत असतं, आणि वरच्या हवेतली वाफ, धूर, बांधकामांची माती, त्या उजेडाला अडवून चहूकडे उधळते. ज्या धुळीनं दिवसा आमच्या गच्चीवरून मलंगगड पुसला, तीच धूळ रात्री मुंबईला उचलून धरते. निर्मळ हवेत मुंबई कळसूबाईला इतकी दिसलीच नसती.

या नवरात्रात मी रात्री चढले. भाचा बरोबर होता, त्याच्या कॉलेजची चार मुलं होती, आणि पुढे-मागे नगर-नाशिककडची मंडळी, अनवाणी, डोक्यावर पूजेचं साहित्य, कडेवर पोरं. दिवसा रविवारच्या शिड्यांवर आम्ही ट्रेकवाले असतो, आमच्या काठ्या आणि पाण्याच्या नळ्या घेऊन. या नऊ रात्री डोंगर ज्यांचा आहे त्यांचा असतो. लोखंडी शिडीवर पुढच्या बाईच्या जोडव्यांचा टकटक आवाज माझ्या डोक्याच्या वर वीतभर. कळसूची गोष्ट तिनंच सांगितली, मला ठाऊक होती तरी ऐकली. कळसू कोळ्याची पोर, इंदोरे गावात कामाला राहिली, पण आधी सांगून राहिली की भांडी आणि केर करणार नाही. एक दिवस पाहुणे आले आणि घरच्यांनी तिला तेच सांगितलं. तिनं केलं म्हणतात, आणि मग उठून या डोंगरावर आली ती परत खाली गेली नाही. शिडीवर लटकलेल्या सगळ्या बायका हसल्या. भाच्यानं विचारलं, यात हसण्यासारखं काय. एकीनंही उत्तर दिलं नाही.

साडेतीनला आजीच्या छपराशी पोचलो. कंदिलाच्या जागी बॅटरीचा दिवा होता आणि ताकाऐवजी चहा. आजीनं मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं. मी चहा घेतला आणि विचारलं, मुंबई कुठं दिसते? तिनं मागच्या वेळेसारखीच हनुवटी उडवली. मी दिव्याकडे पाठ करून उभी राहिले. डोळे सरावायला वेळ लागला. उत्तरेला नाशिकचा मोठा उजेड, त्यात तर शंकाच नको. वायव्येला जवळच इगतपुरी-घोटीचे सुटे सुटे दिवे, मोजता येतील असे, मधून हायवेचे ट्रक. आणि नैर्ऋत्येला मदन-कुलंगचे काळे खांदे. त्यांच्या खाली दरीत पाच-सहा दिवे, पलीकडे एकही नाही, ते तिघे आडवे उभे आहेत. पण त्यांच्या मागे, आकाशाच्या अगदी तळाला, एक रुंद फिकट पट्टा. हळदीच्या पाण्याचा डाग धुतल्यावर राहतो तसा. मी कंपास काढला, मोबाईलमध्ये नकाशा उघडला, रेघ ओढली. रेघ भिवंडी, ठाणं, मुलुंड यांच्या आसपासच गेली. तो पट्टा होता म्हणूनच कुलंगची कड इतकी कोरीव दिसत होती.

"आजी, ही नुसती मुंबई नाही बरं का," मी म्हटलं, कारण खोड जात नाही. "कल्याण, भिवंडी, ठाणं सगळं मिळून आहे."

"ते समदं मुंबईच की," आजी म्हणाली.

मुलुंडच्या माणसाला आयुष्यभर दक्षिण मुंबईतल्या लोकांनी "म्हणजे जवळजवळ ठाणंच" म्हणून चिडवलेलं असतं. मी वाद घातला नाही.

अण्णा चारला उठतात, नोकरीपासूनची सवय. चार वाजून पाच मिनिटांनी रेंज मिळाली, फोन लावला. म्हटलं, "अण्णा, कळसूबाईवर आहे. तुमचा उजेड दिसतोय." पलीकडे गॅस पेटवल्याचा आवाज आला.

"दिवे?"

"दिवे नाहीत. उजेडच."

"रंग?"

मी परत एकदा नीट बघितलं. "पिवळसर."

"पिवळा," अण्णा म्हणाले आणि क्षणभर थांबले. "मग जपून उतर. शिड्या दवानं ओल्या असतील." आणि चहा उतू जातोय म्हणून फोन ठेवला.